पीठ तयार आहे

"मावशी, इंडस्ट्री मेली."

माझ्या गिरणीच्या पायरीवर त्यानं गव्हाचा डबा ठेवायचा, झाकणावर दोन बोटांनी टकटक करायचं आणि हे वाक्य टाकायचं. दर शनिवारी. पहिल्यांदा मला वाटलं, चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात तो कामाला आहे तो बंद पडला. बिचारा म्हणून मी चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर कळलं की मेला होता तो व्हिडिओ गेमचा धंदा, आणि तोही अमेरिकेत की जपानात कुठंतरी.

पुढं पुढं मी म्हणायचे, "गेल्या शनिवारीच मेली होती ना? तेराव्याला तरी बोलव बाबा."

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. कुणी क्रिकेटवाला असतो, कुणी राजकारणवाला. स्वतः बॅट धरत नाही, निवडणुकीला उभा राहत नाही, पण चूक कुणाची ते त्याला आधी ठाऊक असतं. आमचा गेमवाला होता. पिशोर गावचा. तिशीतला, लग्न राहिलेलं, गिरणीमागच्या माझ्या खोलीत भाड्यानं. कारखान्यात कंत्राटावर नट तपासायचा. खराब नट दिसला की लाल पेटीत. लाल पेटीत गेलेला नट पुन्हा गिऱ्हाइकाकडं जात नाही, हे तो असं सांगायचा जणू पेटी त्याच्या आजोबांनी शोधली. आठ तास नटांतले दोष काढायचे आणि खोलीवर आलं की गेमच्या कंपन्यांचे.

मी चौथी शिकले. गेम म्हणजे काय ते मला त्यानं सांगितलं आणि मी ते पिठावरून समजून घेतलं.

"मावशी, आजकाल गेम अर्धाच विकतात. उरलेला नंतर अपडेटमध्ये देतात."

"म्हणजे आज कणी द्यायची आणि पीठ पुढच्या महिन्यात?"

"व्हय."

"आणि लोक घेतात?"

"घेतात काय, बाहेर यायच्या आधीच घेऊन ठेवतात!"

"मग मेली कुठं तुझी इंडस्ट्री? मेंदू मेलाय तो गिऱ्हाइकांचा."

एकदा म्हणाला, जुनेच गेम नवा रंग देऊन विकायला काढलेत. मी म्हटलं, शिळ्या कढीला ऊत. एकदा म्हणाला, बंदुकीला कपडे विकतात.

"बंदुकीला?"

"सोनेरी कातडं, मावशी. गेममधल्या बंदुकीला."

"त्यानं गोळी जास्त लागते का?"

"नाय."

"मग?"

"छान दिसतं," तो म्हणाला आणि जरा दुसरीकडं बघायला लागला. तेव्हाच मी ओळखलं, यानंही एक घेतलंय.

बहिष्कार तर त्याचे सतत चालू असायचे. या कंपनीवर बहिष्कार, त्या कंपनीवर बहिष्कार. सोमवारी जाहीर केला की गुरुवारी खोलीतून त्याच गेमचा आवाज. मी दार वाजवलं की म्हणायचा, "बहिष्कार आहेच, मावशी. किती वाईट झालाय तेवढं बघतोय." नवे गेम तर त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचेच नाहीत. त्यांच्यावरची मतं मात्र जोरात चालायची.

ही मतं तो व्हिडिओ करून सांगायचा. त्याचं चॅनेल होतं. भिंतीला माझ्याच दोन गोधड्या टांगून बसायचा, आवाज घुमू नये म्हणून. बघणारी माणसं पन्नास-साठ. मला म्हणाला, व्हिडिओपुरती गिरणी बंद ठेवता का? मी म्हटलं, तू बोलायचा थांबलास तर जगाचं काही अडत नाही, मी थांबले तर गल्लीत पोळ्या होत नाहीत. मग तो रविवारी दुपारी एक ते दोन, माझ्या जेवणाच्या सुट्टीत बोलायला लागला.

एका दुपारी त्याचं दळण होऊन पडलेलं, आणि हा खोलीत लाईव्ह बोलतोय. फोन उचलेना. माझ्या मोबाईलवर त्याचं तोंड दिसत होतं, खाली लोक काहीबाही लिहीत होते. मीही लिहिलं, "पीठ तयार आहे. डबा घेऊन जा."

त्या साठ जणांना काय वाटलं कोण जाणे. तेव्हापासून कुठलाही नवा गेम आला की ते त्याला विचारायचे, "भाऊ, पीठ तयार आहे का?" आणि हा गंभीर तोंड करून चिमटी चोळायचा, "नाय. अजून जाडसर आहे."

चिमटी त्यानं माझीच उचलली होती. मी दळण पडताना पीठ चिमटीत घेऊन बघते. त्याच्याशी वाद घालता घालता एकदाच माझं लक्ष चुकलं. बाजरी दळून झाली की आधी दोन मुठी गहू दळून ते पीठ बाजूला टाकायचं, मग दुसऱ्याचा गहू घालायचा, अशी रीत आहे. मी ते विसरले. शेजारच्या सूनबाई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत, "मावशी, पोळ्या काळ्या झाल्या." हा तिथंच उभा. टाळ्या वाजवायचाच बाकी होता. "बघा! खराब माल विकला. असंच तिकडं चाललंय!"

मी माझ्या घरातला गहू काढला, दळला आणि तिला दिला. त्याला म्हटलं, "असं तिकडं चाललंय का?"

त्यानं पुढच्या व्हिडिओत मात्र मला न विचारता अख्खी हकिकत सांगितली.

मग कारखान्यानं त्याचं कंत्राट वाढवलं नाही. दोन महिने घरी. पिशोरहून आईचे फोन. तेवढ्यात पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं त्याला बोलावलं. त्यांच्या गेमच्या त्यानं एका व्हिडिओत इतक्या चुका काढल्या होत्या की त्यांना वाटलं, हा बाहेर राहण्यापेक्षा आत बरा. काम एकच, गेम बाजारात जायच्या आधी खेळून चुका शोधायच्या.

त्या शनिवारी त्यानं डबा ठेवला, पण टकटक केली नाही.

"आज कुणी मेलं नाही का?" मी विचारलं.

"मावशी, सही मागतात. आतलं बाहेर सांगायचं नाही. चॅनेलवर नवीन काही बोलायचं नाही. जुनं राहिलं तर राहू दे म्हणतात."

"मग कर की सही."

"मी बोललोच नाही तर मी कोण राहिलो?"

"आत्ता कोण आहेस? बिनकामाचा आहेस. सही कर."

"आणि मी चूक दाखवली, अन् त्यांनी तशीच ठेवून गेम विकला तर? कारखान्यात लाल पेटी होती. तिथं काय?"

तेवढ्यात एक बाई दळण घेऊन आल्या, माझी सुटका झाली. मी पट्टा चालू केला. त्या आवाजात तो आणखी काहीतरी बोलला, मी ऐकायला गेले नाही. सोमवारी त्यानं सही केली आणि पुण्याला गेला.

दिवाळीला गावी जाताना तो गिरणीत आला. वाळला होता. दाढी नीट केलेली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, सुट्टीतसुद्धा. मी विचारलं, "कसा झालाय रे तुमचा गेम?"

ज्या माणसाला मी दहा वेळा "आता पुरे" म्हणायचे, त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग पडतं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, उजेडात धरलं.

"मावशी, जाडसर येतंय. दगडाला टाकी लावून घ्या."

तीस वर्षं गिरणी चालवणाऱ्या बाईला हे सांगायचं! गेमचं बोलता येईना म्हणून माझ्यावर आला, असं मी मनात म्हटलं. तो गव्हाचा डबा ठेवून गेला. "परत येताना नेतो, आठ दिवसांत." तो गेल्यावर मी चिमटी बघितली. जाडसरच होतं. दुसऱ्या दिवशी कारागीर बोलावला आणि झिजलेल्या दगडाला छिन्नीनं खाचा पाडून टाकी लावून घेतली.

आठ दिवसांत तो आला नाही. गेम बाहेर काढायची घाई आहे, सुट्टी तोडून बोलावलं, एवढं फोनवर म्हणाला. संक्रांतीनंतर गेम आला. मी मोबाईलवर एका मोठ्या चॅनेलवाल्याचं बघितलं. हिंदीत ओरडत होता. गेममधला बैल भिंतीतून आरपार जात होता. माणसाचं डोकं पाठीकडं. लोक हसून हसून लोळत होते, आणि सगळे एकच विचारत होते, हे कुणी तपासलं होतं का?

तपासलं होतं. मला विचारा. आठ तासांत एकही खराब नट न सोडणारा माणूस भिंतीतून जाणारा बैल सोडील का? त्यानं बैल पाहिला असणार, लिहून दिला असणार, पुन्हा लिहून दिला असणार. तिथं लाल पेटी नव्हती, एवढंच.

महिन्याभरात त्याच ओरडणाऱ्यानं सांगितलं, कंपनीनं माणसं कमी केली. तपासणारे आधी. गेम बाहेर आला की माणसं बाहेर, हे तर आमच्या पायरीवर कितीदा ऐकलं होतं. त्याचा फोन लागत नाही. पिशोरच्या बाजाराला जाणाऱ्या एकाकडून निरोप धाडला, त्याचंही उत्तर नाही. कामावरून काढलं तरी सही सुटत नाही म्हणे. तोंड बांधलेलंच राहतं. सही कर असं कुणी सांगितलं होतं, ते मला कुणी आठवण करून द्यायची गरज नाही.

गोधड्या खोलीतून काढून आणल्या. खोलीत आता एक बँकेतला राहतो. शांत आहे. त्याला कशाबद्दलच काही म्हणायचं नसतं. शनिवारी डबा ठेवतो, नेतो.

काल दुपारी एक वाजता गिरणी बंद केली आणि आमच्या गेमवाल्याचं चॅनेल उघडलं. शेवटचा व्हिडिओ वर्षापूर्वीचा. मागं माझी निळी गोधडी. त्या व्हिडिओखाली मी लिहिलं, "पीठ तयार आहे. डबा घेऊन जा."

डबा पायरीमागं तसाच आहे. आत गहूच आहे, वर कडुलिंबाचा पाला घातलाय. पीठ फार दिवस टिकत नाही, म्हणून दळला नाही. तो आला की त्याच्यासमोर दळीन, टाकी लावलेल्या दगडावर, आणि चिमटीत घेऊन बघ म्हणेन.

तोवर एवढं कबूल करते. तीस वर्षांत पहिल्यांदा मी तयार नसलेला माल तयार आहे म्हणून सांगितला.