तिसरा दिवस कोणता

तंजावरचं राज्य खालसा झालं आणि दरबारच्या जोश्यांचं कामही त्याबरोबर बसलं. सेतुराम जोश्याच्या आज्यानं राजवाड्यात पंचांग वाचलं होतं. सेतुरामाच्या वाट्याला उरली ती मेलवीथीतल्या मराठी घरांची बारशी, लग्नं आणि दिवसकार्यं. माणूस कोरडा, बोलायला तुटक. पण तिथीच्या बाबतीत भलता हट्टी. अर्ध्या घटकेची चूक निघाली तर त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. असल्या माणसाला घरात सुख लागत नाही, पण लोक मुहूर्त काढायला त्याच्याच दारात येत.

त्या साली त्याच्या एकुलत्या मुलीचं, चंद्रमतीचं, लग्न ठरलं. तेही हनुमंतरावांच्या घरी! हनुमंतराव म्हणजे मेलवीथीतलं बडं प्रस्थ. त्यांनी नाक मुरडलं की चार घरांत चूल थंड. सुपारी फुटली होती, वैशाखातला मुहूर्त सेतुरामानं स्वतः काढला होता, आणि त्याची बायको गंगाबाई महिनाभर जमिनीवरून चालत नव्हती.

तेवढ्यात पादऱ्यांच्या शाळेपुढच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, वाद माजला. ज्ञानमुत्तू नावाचा उपदेशक तिथं बसून रोज संध्याकाळी प्रवचन करी. हनुमंतराव चार मंडळी घेऊन गेले आणि ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस धरून बसले. पहिल्या दिवशी त्यांनी सेतुरामालाच साक्षीला उभं केलं. हनुमंतरावांनी उपदेशकाला विचारलं, मरणवेळी सूर्य काळवंडला म्हणता, मग ते ग्रहण होतं का? सेतुरामानं विचारलं, तो मेला ती तिथी कोणती? वल्हांडण सणाची, पौर्णिमेची, म्हणाला ज्ञानमुत्तू. मग सूर्यग्रहण नव्हे, ते अमावास्येलाच लागतं, असं सेतुरामानं सांगून टाकलं. हनुमंतराव एवढे खूश झाले की परतताना त्यांनी व्याह्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या शेवटचा घाव," ते म्हणाले. "शुक्रवारी मेला, रविवारी उठला, आणि म्हणे तिसरा दिवस. दीड दिवस होत नाही तो. तुम्ही गणित मांडायचं, बस."

सेतुराम घरी आला. गणित त्यानं वाटेतच मांडलं होतं, आणि ते हनुमंतरावांच्या विरुद्ध जात होतं.

सकाळी त्यानं गंगाबाईला सांगितलं. ती डाळ निवडत होती. हात थांबले.

"तुम्हांला कोण विचारतो खरं काय तें? होत नाही म्हणा, नाहीतर माहीत नाही म्हणा. त्या उपदेशकाला मुलगी द्यायची आहे काय?"

"दिवस मोजायचा आमचा धंदा आहे."

"धंदा आहे. आणि चंद्रमती?"

चंद्रमती परसात तुळशीला पाणी घालत होती, आणि तिला सगळं ऐकू जात होतं.

संध्याकाळी तिण्णैपुढं पाऊल ठेवायला जागा नव्हती. ज्ञानमुत्तू म्हणाला, ख्रिस्ताच्या यहुदी लोकांचा दिवस मावळतीला सुरू होतो, आणि दिवसाचा तुकडासुद्धा पुरा दिवस धरतात. हनुमंतराव हसले.

"असला हिशेब जगात कोणी करीत नाही. सांगा हो जोशी. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ. तीन दिवस होतात काय?"

सेतुराम घाबरला होता. खोटं कशाला बोला. 'होत नाहीत' हे दोन शब्द जिभेच्या टोकावर होते आणि दोन शब्दांनी मुलगी सुखात पडत होती. पण दोन वर्षांपूर्वी याच हनुमंतरावांचे वडील गेले होते. शुक्रवारी, दिवस मावळायच्या आधी. तिसऱ्या दिवसाच्या अस्थी कधी उचलायच्या हे सेतुरामानंच सांगितलं होतं.

"रात्री दोनच भरतात," तो ज्ञानमुत्तूला म्हणाला. "तुमच्या ग्रंथात तीन रात्री लिहिल्या असतील तर त्या मला आणतां येत नाहीत." ज्ञानमुत्तूचा चेहरा उतरला. सेतुराम हनुमंतरावांकडे वळला. "पण रविवार हा तिसरा दिवस खरा. गेल्याचा दिवस पहिला धरतात. आम्हीही तसाच धरतों."

"कोण आम्ही?" हनुमंतरावांचा आवाज चढला.

"तुमच्या वडिलांच्या अस्थी आपण वेण्णार नदीच्या काठीं रविवारी सकाळी उचलल्या. तो तिसरा दिवस नव्हे म्हणाल, तर त्यांचं कार्य चुकलं म्हणावं लागेल. तें चुकलं नाही. मीच मोजलं होतं."

हनुमंतरावांनी उपरणं झटकलं आणि ते गर्दीतून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत निरोप आला. पत्रिका पुन्हा पाहिल्या, जमत नाहीत. त्या पत्रिका सेतुरामानंच जुळवल्या होत्या. गंगाबाई त्याच्याशी आषाढापर्यंत बोलली नाही. पादऱ्यांच्या बाजूचा म्हणून चार घरंही तुटली. स्थळं येत ती दारातूनच परत जात, आणि चंद्रमतीचं वय काही कोणासाठी थांबलं नव्हतं.

तीन वर्षांनी एका सकाळी हनुमंतराव स्वतः दारात आले. अंगावर ओलं धोतर, डोकं भादरलेलं. आत या म्हणायची सोय नव्हती.

"आई गेली," ते म्हणाले. "काल, दिवस मावळायच्या आधी. दोघा जोश्यांना विचारलं. दोघं दोन सांगतात." मग खाली बघत म्हणाले, "तिसरा कोणता, जोशी?"

"उद्या."

हनुमंतराव गेले नाहीत. उंबऱ्याकडे बघत राहिले.

"चंद्रमती कोठें दिली?"

"पापनाशमला. बिजवराला. तिच्या वयाची सावत्र मुलगी आहे तिथें."

आत गंगाबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"उद्या सकाळी," सेतुराम म्हणाला. "मी येतों काठावर. उशीर करूं नका."