मामांना जादाचं काही लागत नाही

माणसाला जगायला जे काही लागतं ते सगळं तो जाईल तिथं आधीच ठेवलेलं असतं, यावर मनापासून विश्वास असलेली एकच व्यक्ती मी आजवर पाहिली, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघाले. सोयरीक जुळवताना ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. लग्नानंतर महिन्याभरातच मामा आमच्याकडे चार दिवस राहायला आले, ते हात हलवत. टॉवेल माझा, चप्पल माझी आणि पेपर वाचायला चष्मा माझ्या वडिलांचा. "नंबर जवळजवळ त्योच हाय की," असं म्हणून त्यांनी अग्रलेखापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळा पेपर वाचून काढला, आणि वडील तोवर समोर बसून भिंतीकडे बघत राहिले. आजऱ्याला एका लग्नात जेवणावळीला वाढपी कमी पडले, तेव्हा मामांनी नवरदेवाच्याच काकांचा फेटा उचलून कमरेला बांधला आणि भाताचं घमेलं घेऊन पंगतीत उतरले. ते नवरीकडचे, का नवऱ्याकडचे, का केटररचे, याचा पत्ता कुणाला शेवटपर्यंत लागला नाही. कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू ते यजमानांच्या चहाच्या चमच्यानं काढत आणि त्याच चमच्यानं पुढं साखर ढवळत. एकदा मी हौसेनं त्यांना अवजारांचा छोटा संच भेट दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, "लई भारी हाय," म्हणाले आणि जाताना आमच्याच फ्रीजवर ठेवून गेले.

हेच मामा माझे साहेबही होते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत दोन खोल्यांची आमची कचेरी. गावोगावच्या दूध संस्थांना लागणारं सॉफ्टवेअर मामांनी स्वतः लिहिलेलं. कुणाच्या म्हशीनं किती दूध दिलं, फॅट किती लागली, हे सगळं त्यात. आधी प्रत्येक गावची माहिती त्या त्या गावच्या कॉम्प्युटरमध्ये असायची. पुढं मामांनी ती सगळी लांब कुठल्याशा भाड्याच्या सर्व्हरवर एका डेटाबेसमध्ये नेऊन ठेवली, आणि तिथून आमच्या मागं साडेसाती लागली. नव्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर घालताना इन्स्टॉलरला त्या लांबच्या डेटाबेसशी बोलून त्या संस्थेच्या सभासदांची यादी आणावी लागायची, आणि हे बोलणं व्हायला प्रत्येक कॉम्प्युटरवर आधी एक ड्रायव्हर बसवावा लागायचा. ड्रायव्हर म्हणजे या दोघांमधला दुभाष्या. हा दुभाष्या भलताच मानी. विंडोज जुनी असली की रुसायचा, फार नवी असली तरी रुसायचा, आणि गावच्या इंटरनेटवरून तो उतरवून घेताना निम्म्यात अडकला की त्याला ना पुढं नेता यायचं ना मागं.

मग संस्थेच्या सचिवाचा फोन यायचा आणि मामांची स्वारी स्कूटरवरून निघायची. काम अर्ध्या तासाचं, पण मामा परतायचे दिवस मावळताना. गावात कुणाची गाय व्यायलीय, कुणाच्या पोराला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली, कुणाच्या घरी आज हुलग्याच्या माडग्याचा बेत आहे, हे सगळं त्यांना सचिवापेक्षा जास्त ठाऊक. मामी गेल्यापासून तर दुपारचं जेवण त्यांनी घरी केलेलं मला आठवत नाही. "आरं, ते ड्रायव्हर अडलंय, जायाला लागतंय," असं ते कपाळाला आठ्या घालून म्हणत, पण स्कूटरला किक मारताना शीळ वाजवत.

दोन गोष्टींनी हे सगळं मोडीत काढलं. मामांच्या बेंगळुरूच्या लेकीनं हट्टच धरला, की बाबांनी आता एकटं राहायचं नाही, माझ्याकडं यायचं. आणि इकडं संस्था कुरकुरायला लागल्या, की दर वेळी माणूस यायची वाट बघण्यापेक्षा आम्ही दुसऱ्या कंपनीकडं जातो. मामा गेले तर गावोगाव फिरायला होतो मी एकटा. मला चमच्यानं स्क्रू निघत नाहीत. म्हणजे इन्स्टॉलर ड्रायव्हरशिवाय आणि मामांशिवाय चालला तरच कचेरी राहणार होती, आणि तो चालला की मामांना कोल्हापुरात राहायला कारण उरणार नव्हतं. लेकीला ते सांगायचे, "इन्स्टॉलर झाला की आलोच." माझी नोकरी वाचवणारं आणि त्यांचं गाव सोडवणारं काम एकच होतं. ते त्यांनी मुद्दाम रेंगाळत ठेवलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता. पण अर्धवट काम हे मामांच्या लेखी जादाच्या सामानापेक्षाही वाईट.

"विंडोजच्या पोटातच एक जोडणारा असतोय, पावणं," ते एकदा म्हणाले. जावई म्हणून मी त्यांचा कायमचा पावणा. "तेला कुणी इचारतच न्हाई. इन्स्टॉलरनं नुसती हाक मारायची तेला. भाईरचं कशाला आणायचं?" महिनाभर खपून त्यांनी ती हाक लिहिली. कचेरीतल्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉलर पहिल्या झटक्यात जोडला गेला आणि मी पेढे आणायला उठलो. मामा जागचे हलले नाहीत. "आपल्या मशिनला आपण सगळं खाऊ घातलंय. जुना ड्रायव्हर हितंच बसलाय आत. ह्यो त्येच्या जिवावर चालला न्हाई कशावरनं?" त्यांना हवा होता ज्यावर कधीच काही घातलेलं नाही असा कोरा करकरीत कॉम्प्युटर. विकत घेणं हा विचार अर्थातच त्यांना शिवला नाही. असा कॉम्प्युटर कुठंतरी ठेवलेला असणारच होता.

तो होता मुरगूडजवळच्या एका संस्थेत. दोन वर्षांपूर्वी आणलेला, हळदीकुंकू वाहिलेला, हार घातलेला आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट टेबलावर ठेवलेला. कारण उद्घाटन आमदार साहेबांच्या हस्ते व्हायचं होतं आणि साहेबांना सवड नव्हती. तोवर संस्था वहीवर चालली होती; सभासदांची यादी तेवढी आम्ही आधीच सर्व्हरवर भरून ठेवलेली. आम्ही गेलो तर चेअरमन कॉम्प्युटरला हातच लावू देईनात. "सायबांच्या आधी बटण दाबलं तर गावात त्वांड दावायची सोय ऱ्हाणार न्हाई. पुढल्या सोमवारी येणार हाईत सायेब. तवर कळ काढा." मामा म्हणाले, "मग आमचं सायबांच्याच हस्तं हुंदे की." मी त्यांचा शर्ट ओढला, पण शब्द गेला तो गेला.

सोमवारी बघतो तर मंडप, हलगी, आणि पहिल्या रांगेत आसपासच्या सगळ्या संस्थांचे सचिव. चेअरमननी आवर्जून बोलावलेले. इथं फजिती झाली तर मंगळवारी कचेरीला कुलूप, हे मला स्वच्छ दिसत होतं. साहेबांनी नारळ फोडला, प्लास्टिक काढलं, बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. मामांनी स्वतःचा फोन कधी इंटरनेटला दिला असेल तर शपथ, तेव्हा कॉम्प्युटर चेअरमनच्या फोनवरून इंटरनेटला जोडला. साहेबांनी इन्स्टॉलर चालवला, आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं की डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही. हलगी थांबली. माझ्या खिशात पेन ड्राइव्ह होता आणि त्यात, मामांना न सांगता, जुना ड्रायव्हर भरून आणलेला. कुणाच्या लक्षातही न येता तो बसवता आला असता. माझा हात खिशाकडे गेला.

"खिशातला हात भाईर काढा, पावणं," मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

सगळा मंडप आमच्याकडे बघत होता. मामा पडद्याच्या कोपऱ्यात बघत होते. तिथं तारीख होती, आणि साल होतं कितीतरी मागचं. उद्घाटनाची वाट बघता बघता त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची बॅटरी संपली होती, आणि ज्याची तारीख चुकीची त्याला सर्व्हर दार उघडत नाही. मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विसरणार नाही. "सायेब, तेवढं आजची तारीख घाला की तुमच्या हातानं," ते म्हणाले. साहेबांनी घातली, पुन्हा बटण दाबलं, आणि सभासदांची नावं एकाखाली एक उतरायला लागली. मागून एक म्हातारी ओरडली, "आगं बया, ते बघ माजं नाव!" मग काय, हलगी फुटेस्तोवर वाजली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी गुलालावर ढकललं.

त्यानंतर इन्स्टॉलर आम्ही सचिवांना फोनवरच पाठवू लागलो. ते तो स्वतःच घालत. पहिल्या आठवड्यात मामांनी तीनदा फोन उचलून तो चालू आहे का पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कारण नसताना स्कूटर धुतली. कुठंच काही अडलं नव्हतं, आणि आपण कामाशिवाय कुणाच्या दारात कसं जायचं, हे त्या माणसाला माहीतच नव्हतं. महिनाअखेरीला ते बेंगळुरूच्या गाडीत बसले.

आता रोज सकाळी अकराला त्यांचा फोन येतो. "काय अडलंय का कुठं?" मी म्हणायचो, "न्हाई मामा, सगळं झकास चाललंय." मग पलीकडं थोडी शांतता, आणि मग "बरं हाय," म्हणून फोन बंद. ती शांतता मला ऐकवेना. परवा मी म्हणालो, "मामा, गडहिंग्लजकडच्या संस्थेत अडलंय बघा." काय सांगू! चाळीस मिनिटं ते मला एकेक पायरी सांगत होते, हे उघडा, ते बघा, मधेच तिथल्या सचिवाच्या आईचा गुडघा कसा आहे ते विचारा. मी हां हां करत रिकाम्या टेबलावर बोटं आपटत होतो. शेवटी म्हणालो, "जोडलं गेलं की हो, मामा!"

"जोडलंय की," ते म्हणाले. "सकाळी नऊलाच जोडलंय. सर्व्हरवर कोण कवा आला त्येची नोंद मला हितनं दिसती." मी ओशाळून टेबलावरची बोटं उचलली. मग मामा घसा खाकरून हळूच म्हणाले, "उद्या गारगोटीकडचं कायतरी अडवा, पावणं. तिकडं लई दिस झालं, गेलो न्हाई."