ह्यांचा कॅमेरा

लेकीच्या गावी, दक्षिण आफ्रिकेत, डिसेंबरात भर उन्हाळा असतो. सकाळी आम्ही दोघी पाखरं बघायला निघालो. हे गेल्यापासून कपाटात पडलेला ह्यांचा कॅमेरा मी गळ्यात घातला होता. पट्टा ह्यांच्या उंचीचा, त्यामुळे चालताना तो माझ्या पोटावर आपटत होता.

"आखूड करून देऊ का?" लेकीनं विचारलं. म्हटलं, राहू दे.

माळावर विजेच्या तारेवर अमूर ससाणे ओळीनं बसले होते. हेच पक्षी दिवाळीनंतर आमच्या गावच्या टेकडीवर चार दिवस थांबतात आणि समुद्र ओलांडून इकडं येतात. हे दरवर्षी त्यांच्यासाठी टेकडी चढायचे. "पुढं कुठं जातात ते एकदा बघायला पाहिजे," म्हणायचे. ह्यांचं राहिलं, आणि बघायला मी आले.

घरी आले की हे मला फोटो दाखवायचे. माझे हात पिठात, चष्मा देव्हाऱ्यापाशी. मी आपली न बघताच म्हणायची, "छान आलाय."

आज मी फोटो काढला आणि लेकीपुढं धरला. तिनं फोनमधून मान वर केली न केली, म्हणाली, "छान आलाय गं आई."

राग नाही आला. पण आवाजावरूनच कळलं, हिनं बघितलेलं नाही. म्हणजे ह्यांनाही कळतच असणार. एवढंसं पाखरू अख्खा समुद्र ओलांडतं, आणि मला चष्म्यापर्यंतची चार पावलं टाकणं झालं नाही. तरी हे दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेरा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे.