मातीच्या आतला पिंजरा

१९७९ साली भंडाऱ्याच्या मूर्तिकला वर्गात मुलं अकरा आणि तारेचं वेटोळं एक. ते पहिल्याच आठवड्यात संपलं. आत तारेचा सांगाडा नसला की मातीच्या डोक्याची मान खचते. चंद्रकांता नावाच्या मुलीची तर दोनदा खचली. सर म्हणाले, "तार नागपुरातसुद्धा मिळेना. घरून करून आणा. सोमवारी परीक्षक येतील. डोकं नसेल, तर वर्ष गेलं समजा."

बुधवारी ती आपल्या गावी, कोंढ्याला परतली आणि माती घेऊन तळ्यावर सखाबाईच्या दारात बसली. सखाबाई मासे धरायची, जाळी विणायची.

"माहं थोबाड कायले करतेस व? गावातल्या देखण्या बाया सरल्या का?"

"तू विणायला बसलीस की हलत नाहीस, मावशी."

"बुढी झाली म्हण ना सरळ."

संध्याकाळपर्यंत नाक-डोळे उमटले आणि मान पुन्हा खचली. चंद्रकांताला रडू आलं. सखाबाईनं त्या गोळ्यात बोट खुपसलं.

"याच्यात हाडच नाही. उभं कसं राहीन?" तिनं भिंतीवरचा मासे धरायचा बांबूचा पिंजरा काढून दिला. चंद्रकांता लगेच त्यावर माती थापायला लागली, तर सखाबाईनं तिचा हात धरला.

"थांब. कोरडा बांबू पाणी पेते आन फुगते. तुही माती आतून फोडून टाकीन. दोन दिवस तळ्यात बुडू दे, मंग लाव."

"दिवस चारच आहेत, मावशी."

"मंग उरलेल्या दोनात कर."

तिनं केलं. सोमवारी पहाटेच्या एस.टी.त ओल्या पोत्यात गुंडाळलेलं डोकं मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "लेकराचं तोंड तर उघडं ठेवा, बाई."

परीक्षकांनी डोकं चारी बाजूंनी पाहिलं. एक तडा नव्हता. "तार कुठून मिळवलीस?"

"तार नाही, सर. बांबू आहे, मासे धरायचा." मग मान ताठ करून म्हणाली, "सखाबाईनं सांगितलं तसं केलं."

ती पास झाली. सांगायला गावात एस.टी.तून उतरताच धावत तळ्यावर आली, तर सखाबाई कमरेइतक्या पाण्यात एकटीच जाळं ओढत होती. पिंजरा तिच्याकडे तेवढा एकच होता, हे चंद्रकांताला तेव्हा कळलं.

"मावशी, तुझे उपकार..."

"ते राहू दे. तिकडचं टोक धर."

चंद्रकांतानं परीक्षेची नवी साडी खोचली आणि पाण्यात उतरली.