दोर कोण सोडणार

तिने माझी मान आवळली होती आणि त्यामुळे आम्ही दोघीही बुडत होतो. मी एकटी असते तर तरले असते. लहानपणी नदीत पोहले आहे. ही पणजी शहरातून आलेली सरकारी अधिकारीण, पाणी बघूनच भिणारी.

कारापूरला माझ्या परसातली विहीर बघायला दहाबारा अधिकारी आले होते. कायदे नीट कसे लिहायचे याचं त्यांचं ट्रेनिंग चाललं होतं. शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं, उघड्या विहिरींचा नियम लिहायचा तर आधी उघडी विहीर बघा. ही मुलगी वाकली आणि कठड्याचा चिरा सुटला. मी तिचा हात पकडला, तर तिच्याबरोबर मीही खाली.

वर नुसता गलका. "दोर सोडायला पाहिजे!" "कोणाला तरी बोलवा!" "अग्निशामक दलाला कळवायला हवं!" आणि दोर कप्पीवर तसाच.

"मेल्यांनो, सोडा की मग!" मी ओरडले. तोंडात पाणी गेलं.

मग बाईंचा आवाज आला. "सकाळपासून काय शिकवतेय मी? काम कोणी करायचं, ते आधी! चष्मेवाले, तुम्ही दोर सोडा. तुम्ही दोघे, दुसरं टोक माडाला बांधा. तुम्ही फोन करा. बाकीचे गप्प!"

बाल्दी धपकन खाली आली.

"माझी मान सोड, दोर धर," मी मुलीला सांगितलं. "नाहीतर चावेन."

सोडली तिने. दोराला लोंबकळत रडत राहिली. मी चिऱ्यांच्या खाचेत बोटं रुतवली. रडते आहे म्हणजे श्वास चालू आहे, एवढंच बघत होते. शेजाऱ्यांनी लांब शिडी आणली. आधी तिला काढलं, मग मला.

ओल्या लुगड्यातच मी ओसरीवर बसले. असा गोड चहा त्याआधी कधी प्याले नव्हते. बाई म्हणाल्या, "आता लिहा. कठडा कोणी दुरुस्त करायचा?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बघताय काय? विहीर माझी, मीच करणार," मी म्हटलं. "लिहा तसं."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. ती मुलगीसुद्धा, शिंकत शिंकत.

कठडा पावसाआधी बांधून घेतला. गणपतीच्या चवथीला ती नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, घेऊन आली आणि विहिरीकडे पाठ करून बसली. नेवऱ्या कडक होत्या. दोघींनी खाल्ल्या. आम्ही दोघी जिवंत आहोत.