चवरीचा हात

चारठाण्याच्या मूर्तींची यादी मी नोकरीत असल्यापासून करतोय. म्हणून रोमच्या एक बाई देवळं बघायला आल्या, तेव्हा मीच सोबत गेलो. त्या जुन्या रोमन शिल्पांची नोंद करतात. एकाच मूर्तीचं डोकं एका देशात, धड दुसऱ्या देशात असतं. तिथले लोक एकमेकांना फोटो पाठवून ते जुळवतात, असं त्या सांगत होत्या. मी माझी वही पुढे केली. चवरी ढाळणाऱ्या एका मूर्तीपुढे मी लिहिलं होतं, 'उजवा हात नाही.' ती मूर्ती मी बोटानं दाखवली.

जवळच एक म्हातारी शेळ्या चारत होती. काठीवर हनुवटी टेकून ती आमच्याकडे बघत होती.

"हिचा हात हाय की," ती म्हणाली. "बारवंपाशी पडलाय."

घाणेरीच्या झुडपात काठी घालून तिनं दगड दाखवला. मनगट, बांगड्या, मुठीत चवरी. बाईंनी मोजून पाहिलं. तुटलेली कड जुळली. त्यांनी म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले. माझ्या वहीचं पान त्यांनी उलटलंही नव्हतं.

"तुम्हाला कसा दिसला, मावशी?" मी चिडूनच विचारलं.

"तुमी वर बघत हिंडता, सर. मला शेळ्यांच्या पायाखाली बघावं लागतंय."

बाई मला इंग्रजीत म्हणाल्या, "यांचं नाव तुमच्या नोंदीत लिहा. आम्ही शोधणाऱ्याचं नाव लिहितोच."

"त्या नाव सांगायला नको म्हणतात," न विचारताच मी ठोकून दिलं.

"काय म्हणायल्यात बाई?" म्हातारीनं विचारलं.

"शेळ्या छान आहेत म्हणतात."

ती लय खूश झाली. एक पांढरी शेळी पुढे ओढून बाईंना म्हणाली, "हिचं नाव चांदी."

तिचं स्वतःचं नाव मला आजही माहीत नाही.