सरकत्या दाराचा माणूस

त्याचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याची माफी मागायची राहिली आहे.

नातीला घेऊन राजारामपुरीतल्या मुलांच्या दवाखान्यात गेलो होतो. तिथं मी माझ्या गाडीचं दार जोरात उघडलं आणि शेजारच्या नव्याकोऱ्या गाडीला पोचा पाडला. गुपचूप माझी गाडी पुढं घेतली. त्या मोकळ्या जागेत तो व्हॅन घेऊन आला. हातभर फटीत त्यानं एका हातानं दार सरकवलं, दुसऱ्यानं तीन पोरं उतरवली आणि प्रत्येकाचं नाक पुसलं.

एवढ्यात नव्या गाडीचा मालक ओरडत आला. मी लगेच म्हणालो, "पोरं उतरवताना ह्यांचंच दार लागलं असणार."

तो भांडला नाही. तीनदा दार सरकवून मालकाला म्हणाला, "पावणं, हे भायेर येतंयच कुठं? ह्यानं पोचा पाडायचा तर तुमची गाडी उचलून आपटाय लागंल की!"

लोक हसले आणि माझ्या गाडीकडं बघू लागले. घाबरून मी चार वर्षांच्या नातीकडं बोट केलं. मालक विरघळला, तिचा गालगुच्चा घेऊन निघून गेला.

तो मात्र माझ्या कानाशी आला. "आजोबा, पोरीच्या दोन्ही हातांत कणीस हाय. दार काय दातानं उघडलं व्हय? सरकत्या दाराची गाडी घ्या. लेकराबाळांना बरी, आन् म्हाताऱ्यांनाबी."

नात आता गाडी शिकते आहे. लहानपणीच्या त्या पोच्याची आठवण देत, दार जपून उघड, असं घरातले सगळे तिला बजावतात. इतकी वर्षं मीही बजावत आलो.

बाळ, तो पोचा माझा होता.